समुद्रतळींचा श्वास : वायुमिश्रणाचें गणित

तारापूरच्या किंवा सातपाटीच्या किनाऱ्यावर उभे राहून जो समुद्र आपण नित्य पाहतों, त्याच समुद्रांत, मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरांवर, 'मुंबई हाय' हें खनिज तेलाचें क्षेत्र आहे. तेथें १९७४ सालीं तेल लागलें. पाण्याची खोली सुमारें ७५ मीटर असून तेल वाहून नेणारे नळ तळावरून गेलेले आहेत. त्यांच्या डागडुजीसाठीं पाणबुड्यांस उतरावें लागतें. इतक्या खोलीवर हे पाणबुडे श्वास कशाचा घेतात? साध्या हवेचा, असें कोणी म्हणेल. परंतु तें उत्तर चुकीचें आहे. कां, तें डाल्टनच्या आंशिक दाबाच्या नियमावरून पाहूं.

समुद्रपृष्ठावर हवेचा दाब सुमारें १ बार असतो व पाण्यांत दर १० मीटरांस आणखी १ बार वाढतो. म्हणजे ७५ मीटरांवर एकंदर दाब ८.५ बार झाला. हवेंत प्राणवायु शेकडा २१. तेव्हां त्याचा आंशिक दाब ०.२१ × ८.५, म्हणजे सुमारें १.७९ बार. काम करणाऱ्या पाणबुड्यास १.४ बार ही मर्यादा मानितात. त्यापुढें जो वायु प्राण राखतो तोच विषासारखा होऊन एकाएकीं झटके येण्याचा धोका वाढतो, आणि पाण्याखालीं झटका येणें म्हणजे तोंडांतली नळी सुटणें. शेष नत्रवायूचा दाब ६.७ बार भरतो. तो मेंदूस गुंगी आणतो. आणि वाईट हें कीं, आपण गुंगींत आहों हें त्या मनुष्यास बहुधा कळत नाहीं.

उपाय असा, कीं दोन्ही वायु कमी करावे व रिकामी जागा गुंगी न आणणाऱ्या हेलियमनें भरावी. (विजयदुर्गास हेलियमची जन्मभूमि म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. परंतु लॉकियर तेथें आला तो १८९८ च्या ग्रहणास. त्या वायूची पिवळी रेषा सूर्यप्रकाशांत ओळखली गेली ती १८६८ सालीं.) तेलक्षेत्रांत पाणबुड्यांस वायु वरून नळीनें पुरवितात, व त्यांत बहुधा हेलियम आणि प्राणवायु एवढेच असतात. पाठीवर टाकी बांधून तितकेंच खोल जाणारा तिन्ही वायूंचें मिश्रण घेतो. त्याची टाकी आतां भरूं.

प्राणवायु शेकडा १६, हेलियम ५०, नत्रवायु ३४ असें मिश्रण घ्या. ७५ मीटरांवर प्राणवायूचा दाब १.३६ बार होतो, नत्रवायूचा २.८९, म्हणजे साध्या हवेनें २७ मीटरांवर असतो तितकाच. टाकी २०० बार भरावयाची, तर हेलियम १०० बार हवा. उरलेल्या १०० पैकीं शुद्ध प्राणवायु 'क्ष' धरिल्यास बाकीची हवा; आणि एकूण प्राणवायु ३२ बार पाहिजे.

क्ष + ०.२१ (१०० − क्ष) = ३२

यावरून क्ष = १४ (सुमारें), व हवा ८६ बार. प्रथम प्राणवायु १४ पर्यंत, मग हेलियम ११४ पर्यंत, शेवटीं हवा २०० पर्यंत, असा क्रम ठेवितात.

गणित इतकें सोपें. अडचण हाताची आहे. प्राणवायु १४ च्या ऐवजीं २० बार गेला व हवा ८० च भरली, तर मिश्रणांत तो शेकडा १८.४ होतो आणि तळाशीं १.५६ बार! सहा बारांची ही चूक ३०० बारांच्या दाबमापकावर कांट्याच्या जाडीएवढी दिसते. १४ बार मोजण्यास असा मापक घेणें म्हणजे सोनें तोलण्यास वखारीचा कांटा घेणें होय. दुसरी अडचण उष्णतेची. वायु भरभर भरला कीं टाकी तापते. ५० अंश उष्णतेवर दिसलेले २०० बार ३० अंशांवर १८८ च उरतात, हें केल्व्हिन मापानें तुम्हीच काढून पहा. म्हणून सावकाश भरावें व प्रत्येक पायरीवर टाकी निवूं द्यावी. शिवाय मोठ्या दाबाखालीं हेलियम आदर्श वायूच्या नियमापासून हवेपेक्षां अधिक ढळतो, त्याचीही दुरुस्ती करावी लागते.

सावकाशीचें आणखी एक कारण आहे. बोईसरच्या कारखान्यांत जोडकाम करणाऱ्या कोणाही कामगारास विचारा. प्राणवायूच्या झडपेस तो तेलकट हात लावूं देणार नाहीं. दाबाखालच्या प्राणवायूंत थोडेंसें तेलही पेट घेतें. ह्यामुळें टाकी, झडप व हवा, तिन्ही तेलापासून अगदीं मुक्त असावीं लागतात.

टाकी भरल्यावर मिश्रण एकजीव होण्यास वेळ देऊन मग तें तपासावयाचें. प्राणवायूचा मापक प्रथम मोकळ्या हवेंत धरून २०.९ वर आणितात, मग टाकीचा वायु त्यावरून सोडितात. हेलियमसाठीं वेगळा मापक असतो. ही तपासणी, टाकी कोणींही भरलेली असो, ती पाठीवर घेणाऱ्यानें स्वतः करावयाची असते. कारण ह्या वायूंस रंग नाहीं, वास नाहीं, आणि चुकीचें मिश्रण पहिल्या श्वासास बरोबर मिश्रणासारखेंच लागतें. मग टाकीवर फीत चिकटवून तीवर प्राणवायु १६, हेलियम ५०, खोली ७५ मीटर, तारीख व स्वतःची सही घालितात. पृष्ठावर १६ टक्के प्राणवायु अपुरा पडूं लागतो, म्हणून उतरतांना आरंभीं दुसऱ्याच टाकीचा श्वास घेतात. तिच्यावरही अशीच फीत असते. मापकानें १६ च्या जागीं १८ दाखविले, तर वायु सोडून देऊन टाकी पुन्हां भरावी लागते, आणि परदेशांतून महाग किंमतीस आणिलेला हेलियम हवेंत जातो. तो जाऊं द्यावा.