अँप्लिफायर आणि कंडिशनर: मेळ कसा घालावा?

प्रश्न : माझा अँप्लिफायर प्रत्येक चॅनेलला 100 वॉटचा आहे, मागच्या पट्टीवर 280 वॉट लिहिलंय. संध्याकाळी व्होल्टेज 170 पर्यंत उतरतं. 500 व्हीएचा पॉवर कंडिशनर पुरेल का? – एक वाचक, शेणवा (ता. शहापूर)

उत्तर : आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. बहुतेक कंडिशनर फक्त लाइनमधला गोंगाट गाळतात आणि झटके अडवतात. 170 चे 230 करणं त्यांच्या आवाक्यातलं नाही. तुम्हाला हवा आहे तो स्टॅबिलायझर, शक्यतो सर्व्हो पद्धतीचा आणि 150 व्होल्टपासून काम करणारा. रिलेवाला व्होल्टेज टप्प्याटप्प्याने बदलतो, त्याची टकटक शांत बंदिशीत फार खुपते.

आता क्षमता. पट्टीवरचा आकडा बहुधा एक अष्टमांश ताकदीवर मोजलेला असतो. क्लास एबी अँप पूर्ण ताकदीला 350 ते 400 वॉट ओढू शकतो. शिवाय वॉट म्हणजे व्हीए नव्हे. पॉवर फॅक्टर 0.65 धरला तर 400 वॉटचे सुमारे 615 व्हीए होतात. टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर असेल तर चालू करतानाचा धक्का वेगळाच. व्होल्टेज उतरलं की स्टॅबिलायझर मेनमधून जास्त अँपिअर खेचतो, आणि स्वस्त यंत्रांची क्षमता नेमकी तेव्हाच घटते. म्हणून 500 नको, 1 केव्हीए घ्या. सीडी प्लेअरही त्यात सामावेल.

खरेदीआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. ते नीट नसेल तर कंडिशनरमधला फिल्टर निम्मंच काम करतो. आणि पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या, की कुठल्याही यंत्रावर विसंबू नका. प्लग काढून ठेवा.