चिखलदऱ्याच्या कॉफीवर तांबेरा: फवारणी आज, बियाण्याचा विचार आत्ताच

पान उलटून बघा. खालच्या बाजूची नारिंगी भुकटी बोटाला लागली, तर तो तांबेरा आहे. या बुरशीचे बीजाणू रुजायला ओलं पान लागतं आणि ते पर्णरंध्रांतूनच आत शिरतात. आता पाऊस उघडझाप करतोय, म्हणजे तिची चंगळ आहे. पानं गळाली की फांद्या वाळतात आणि पुढच्या वर्षीचं पीकही जातं.

ताक, राख, गोमूत्र फवारण्यात आठवडे घालवू नका. 100 लिटर पाण्याला 500 ग्रॅम मोरचूद आणि 500 ग्रॅम कळीचा चुना घ्या. दोन्ही वेगळे विरघळवून मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओता आणि त्याच दिवशी संपवा. एका बागेत तीन फवारण्या वाया गेल्या होत्या. मिश्रण लोखंडी पिंपात कालवलेलं, आणि आतून पिंपावर तांब्याचा लाल थर चढलेला! प्लॅस्टिकचं पिंप वापरा. चकचकीत विळा मिश्रणात बुडवा. त्यावर तांबं चढलं तर चुना वाढवा. फवारा पानांच्या पाठीवर बसला पाहिजे. वरून भिजवून काहीही साधत नाही.

आता रोपवाटिकेचं. चव चांगली म्हणून शेजाऱ्याच्या झाडाखालचं बी उचलणाऱ्यांवर माझा राग आहे; चवीवरून झाड तांबेऱ्याला टिकेल का ते कळत नाही. अरेबिकात 44 गुणसूत्रं असतात. रोबस्टा आणि युजेनिऑइडिस या 22 गुणसूत्रांच्या जातींच्या संकरातून ती आली. येमेनमार्गे जगभर गेली ती मोजक्या झाडांची संतती, त्यामुळे तिच्यात विविधता फार थोडी आहे आणि तांबेऱ्याला तोंड देणारी झाडंही थोडीच. म्हैसूरकडे 1911 मध्ये निवडलेला केंट्स हा वाण तांबेऱ्यापुढे टिकला, मग बुरशीचे नवे प्रकार आले आणि त्यालाही गाठलं. पुढे एस.795 या वाणात केंट्सची चव आणि लायबेरिकाकडून आलेलं प्रतिकाराचं जनुक एकत्र झालं. आज त्यावरही डाग दिसतात, तेव्हा त्याची फवारणी चुकवू नका.

अरेबिका बहुतेक स्वपरागी आहे, तिचं बी आईवर जातं. रोबस्टाला मात्र दुसऱ्या झाडाचा पराग लागतोच; तिच्या बियांतून आईसारखं झाड मिळेल ही आशा सोडा, कलम घ्या. जबलपूरकडच्या मझौलीहून अरेबिका लावण्याबद्दल विचारणा आली होती. अरेबिकाला उंची लागते. चिखलदरा सुमारे 1,100 मीटरवर आहे, मझौलीचा मुलूख त्याच्या निम्म्या उंचीचाही नाही. तिथे पैसे घालू नका.

बी बालेहोन्नूरच्या केंद्रीय कॉफी संशोधन संस्थेकडून, वाणाच्या नावानिशी मागवा. ते काही महिन्यांतच उगवणशक्ती गमावतं, म्हणून गेल्या सालचं कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका.