बोईसरला खोली घेताना भाड्यापलीकडचा हिशेब

दातिवरे, मथाणे, एडवण या पट्ट्यातल्या पोराला तारापूर एमआयडीसीत काम लागलं की घरात पहिली चर्चा होते ती खोलीची. बोईसरला राहायचं की घरून ये-जा करायची? बहुतेक जण चाळीतल्या खोलीचं भाडं ऐकतात, पगारातून वजा करतात आणि हो म्हणतात. नड होते ती तिथेच. खोलीचं भाडं हा महिन्याच्या खर्चाचा एक भाग झाला. उरलेला भाग मालक आपणहून सांगत नाही, तो आपण विचारून काढायचा असतो.

आधी ये-जा जमते का ते बघा. दातिवऱ्याहून सफाळ्यापर्यंत एसटी, पुढे केळवे रोड, पालघर, उमरोळी करत बोईसर. 2013 साली लोकल डहाणूपर्यंत गेल्यापासून हा प्रवास सोपा झाला. सफाळे-बोईसर लोकलचा महिन्याचा पास तीनशेच्या आत बसतो. मुलींना एसटीचं तिकीट मार्च 2023 पासून निम्म्या दरात आहे. जनरल शिफ्ट कायमची असेल तर खोली घेऊच नका, घरचं जेवण आणि घरची झोप सोडण्यात काही अर्थ नाही. पण फिरती शिफ्ट असेल तर गणित बदलतं. रात्री अकराला सुटलेल्या माणसाला सफाळ्याला उतरल्यावर दातिवऱ्याची गाडी कुठून मिळणार? तिथून रिक्षा स्पेशल करावी लागते, आणि महिन्यात अशा आठ-दहा रात्री आल्या की तिघांत घेतलेल्या खोलीचं भाडं त्यातच गेलेलं असतं.

आता खोली. भैय्यापाडा, काटकरपाडा, अवधनगर, खैरापाडा, सालवड, पास्थळ या भागांत चाळीची एक खोली साधारण अडीच ते साडेचार हजारांत मिळते. वन आरके हवं असेल तर पाच-सहा हजारांच्या पुढे. हे आकडे हिशेबाला धरायचे. स्टेशनच्या जवळ, कंपनीच्या गेटजवळ, स्लॅब की पत्रा यावर ते खालीवर होतात. पत्र्याची खोली पाचशेने स्वस्त पडते, पण नाइट शिफ्ट करून एप्रिल-मे महिन्यात दुपारी तिच्यात झोप लागत नाही. रात्रपाळीवाल्याने ते पाचशे वाचवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात जास्त वाद होतो तो लाइटच्या बिलावर. चाळीत बहुधा मालकाच्या नावावर एकच मीटर असतो आणि प्रत्येक खोलीला सबमीटर. महावितरणच्या घरगुती दरात पहिले 100 युनिट स्वस्त, त्यापुढचे बरेच महाग. सात-आठ खोल्यांचा वापर एकाच मीटरवर चढला की बहुतेक युनिट महागड्या टप्प्यात जातात. म्हणून तुमचा वापर महिन्याला चाळीस युनिटच असला तरी मालक दहा-बारा रुपयांनी पैसे घेतो. प्रत्येक मालक लुबाडतोच असं नाही, पण महावितरणचं बिल दाखवा असं म्हणायला लाजू नका. खोली ताब्यात घेताना सबमीटरच्या आकड्याचा फोटो काढा आणि तिथल्या तिथे मालकाच्या व्हॉट्सअॅपवर टाका. स्वतंत्र मीटरची खोली दोन-तीनशे जास्त देऊनही परवडते.

पाण्याची चौकशी मालकाकडे करू नका, शेजारच्या खोलीतल्या बाईला विचारा. नळ किती वाजता येतो, उन्हाळ्यात टँकर लागतो का, त्याची वर्गणी कोण भरतं, संडास किती खोल्यांत एक आहे, हे ती दोन मिनिटांत सांगेल. नळाला येतं ते बोअरचं पाणी असेल तर ते प्यायला धरू नका. 2018 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात सर्वांत प्रदूषित ठरलं होतं, हे लक्षात असू द्या. प्यायच्या पाण्याच्या जारचा खर्च महिन्याच्या हिशेबात धराच.

समजा, तिघांनी मिळून 3,600 ची खोली घेतली. माणशी भाडं 1,200, लाइट दोनशेच्या आसपास, पाणी आणि जार दीडशे-दोनशे, शेअर रिक्षा पाच-सहाशे. म्हणजे जेवणाआधीच दोन हजारांच्या वर. खानावळीचा दोन वेळचा डबा लावला तर आणखी तीन हजार तरी धरा. स्वयंपाक करणार असाल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर गॅस एजन्सीत नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. गल्लीत मोठ्या सिलिंडरमधून भरून देणाऱ्याकडे जाऊ नका, दहा बाय दहाच्या खोलीत तो जिवाशी खेळ आहे. चौथा मित्र राहायला आला तर भाडं वाढणार का, हे आधीच ठरवून घ्या.

डिपॉझिट चाळीत पाच ते पंधरा हजार मागतात. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवलेली आहे, पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. आपल्याकडे ती मर्यादा तोंडाने मागून घ्यावी लागते. बोईसरला खोल्या पुष्कळ आहेत, मागितली तर मिळतेही.

अकरा महिन्यांचा करार नोंदवून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चं कलम 55 नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकतं. स्टँप ड्युटी एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्के वार्षिक व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का लागते. वरच्या खोलीला दहा हजार डिपॉझिट धरलं तरी ती शंभराच्या आसपास येते. ग्रामपंचायत हद्दीत नोंदणी फी 500. म्हणजे दोन्ही मिळून सहा-सातशे रुपये, तिघांत वाटले तर काहीच नाहीत. घरी येऊन अंगठा घेणारा एजंट आपले पैसे वेगळे लावतो, ते आधी विचारा. हाच कागद बँकेत पत्ता दाखवायला उपयोगी पडतो आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देतानाही लागतो.

डिपॉझिट रोख देऊ नका. फोनवरून पाठवा आणि शेऱ्यात ‘खोली डिपॉझिट’ असं लिहा. सोडताना महिनाभर आधी मेसेजने कळवा. रंगाचे पैसे कापणार का, हे घेतानाच बोलून ठेवा. आणि शेवटच्या दिवशी मालकाला समोर उभं करून मीटरचा आकडा लिहा, त्याचे पैसे वळते करा, उरलेलं डिपॉझिट खात्यात जमा झाल्याचं बघा आणि मगच किल्ली त्याच्या हातात द्या.