सूर्यास्ताला जाताना तयारी परतीची

कॅरिबियन बेटांवर सुट्टीला गेलं की संध्याकाळच्या ‘सनसेट क्रूझ’चं तिकीट बहुतेक सगळेच काढतात. शिडांची मोठी बोट, हातात थंड पेय, समोर लाल होत जाणारं आकाश. हे सगळं खरंच सुंदर असतं आणि ते टाळा असं मी मुळीच म्हणणार नाही. पण माहितीपत्रकावर ज्याचा फोटो असतो, तो सूर्य क्षितिजाला टेकल्यापासून दोन-तीन मिनिटांत बुडतो. मग बोट परत आणायची असते. अंधारात आणि वाऱ्याच्या तोंडावर. आमच्या घरातला अपघात झाला तो या परतीत. म्हणून आईवडिलांना किंवा लहान मुलांना घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं असं मनापासून वाटतं.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. पुण्याहून सासू-सासरे आले होते. डिसेंबरात मुलांना सुट्टी लागली तेव्हा सगळे मिळून सेंट लुसियाला गेलो आणि बेटाच्या उत्तर टोकाजवळ, रॉडनी बे भागात उतरलो. ग्रोझ-इलेचं डॅरेन सॅमी मैदान तिथून अगदी जवळ. जून २०२४च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात रोहित शर्माने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४१ चेंडूंत ९२ धावा काढल्या त्या याच मैदानावर, त्यामुळे सासऱ्यांना ते बघायचंच होतं. सासूबाईंनी मात्र एकच गोष्ट मागितली होती. समुद्रातून सूर्यास्त बघायचा.

बोट होती कॅटामरान, म्हणजे दोन तळांची, वरून ऐसपैस. धक्क्यावरच चपला-बूट काढून एका टोपलीत टाकायला लावतात. डेकवर वाळू येऊ नये, ओरखडे पडू नयेत म्हणून. सगळे अनवाणी चढलो. एका खलाशाने सुरक्षेच्या सूचना दिल्या, पण स्पीकरवर सोका संगीत इतकं मोठ्याने चाललं होतं की मागे बसलेल्यांना एक अक्षर ऐकू आलं नसेल. लाइफ जॅकेटं बाकांखालच्या कप्प्यांत असल्याचं त्याने हातानेच दाखवलं. ती कोणाला दिली नाहीत की घालून दाखवली नाहीत.

जाताना सगळं फार छान होतं. शिडं भरली, बोट पश्चिमेकडे सरकू लागली, डेकवर वारा जेमतेम जाणवत होता. सूर्य बुडताना सगळी बोट फोन उंचावून एका बाजूला गोळा झाली. सासूबाई हात जोडून उभ्या होत्या. इथवर काहीच वावगं नव्हतं.

मग बोट वळली आणि पाच मिनिटांत सगळं बदललं. शिडं उतरवून इंजिन सुरू केलं होतं. वारा आता थेट तोंडावर येत होता. लाटा दोन तळांच्या मधल्या भागावर खालून आपटायच्या, प्रत्येक आपटीसरशी डेकला हिसका बसायचा आणि पाण्याचे सपकारे अंगावर यायचे. पुढच्या जाळीवर बसलेले लोक ओलेचिंब होऊन मागे आले. अंधार इतक्या झटकन पडला की मुलगी विचारू लागली, “दिवे का नाही लावत?” दिवे होते, पण सुकाणूवरच्या माणसाला पुढचं पाणी दिसावं म्हणून डेकवरचे दिवे मुद्दाम मंद ठेवलेले असतात.

सासूबाई गप्प बसल्या होत्या. मी विचारलं, “आई, बरं वाटतंय ना?” त्या म्हणाल्या, “हो गं, ठीक आहे.” खरं तर त्यांना बराच वेळ मळमळत होतं. थोड्या वेळाने त्या बाथरूमला जायला उठल्या. बाथरूम एका तळाच्या आत, चार-पाच अरुंद, उभ्या पायऱ्या उतरून खाली. नवरा मागोमाग उठला, “आई, थांब, मी येतो,” म्हणेपर्यंत त्या पायऱ्यांच्या तोंडाशी पोचल्या होत्या. तिथे डेकवर समुद्राचं पाणी होतं आणि कोणाच्या तरी ग्लासातून सांडलेलं गोड सरबतही. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात कागदी रुमाल. लाट आपटली, पाय सटकला, आणि त्या उजवा हात टेकून पडल्या. मनगट डोळ्यांदेखत सुजत गेलं.

प्रथमोपचाराची पेटी आणली, तर आत बँडेज होतं, जखमेवरच्या चिकटपट्ट्या होत्या. हात स्थिर बांधायला काहीच नव्हतं. प्रवाशांमध्ये एक नर्स होत्या. त्यांनी एक मासिक मागून घेतलं, ते गुंडाळून हाताखाली ठेवलं, वरून बँडेज बांधलं, बारमधला बर्फ टॉवेलात घेऊन लावला आणि हाताच्या बोटांतल्या अंगठ्या लगेच काढायला लावल्या. सूज वाढली की अंगठ्या निघत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. धक्क्याला लागेपर्यंतची ती वेळ सासूबाईंनी हूं की चूं न करता काढली. दवाखान्यात एक्स-रे निघाला, मनगटाजवळचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घालून आम्ही घरी परतलो. हात आता नीट जुळला आहे. पण एवढं झाल्यावर मी या बोटींबद्दल बारकाईने माहिती काढली, आणि त्यातलं उपयोगाचं सगळं इथे सांगते आहे.

वारा समजून घ्या

कॅरिबियन समुद्रावर जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात. डिसेंबर-जानेवारीत त्यांचा जोर वाढतो आणि तिथले लोक त्या वाऱ्यांना ‘ख्रिसमस विंड्स’ म्हणतात. आपल्याकडच्या शाळांच्या नाताळच्या सुट्ट्या नेमक्या तेव्हाच येतात. सूर्य मावळतो पश्चिमेला, म्हणजे सूर्यास्ताकडे निघालेली बोट वाऱ्याबरोबर जाते. बोटीचा वेग वाऱ्याच्या वेगातून वजा होतो, म्हणून डेकवर सगळं शांत भासतं. परतताना तोच वेग वाऱ्यात मिळवला जातो. समुद्र तोच असतो, पण जाताना नुसत्या हाफ बाह्यांच्या शर्टात बसलेला माणूस येताना कुडकुडतो.

बेटाचे डोंगर हा वारा अडवतात, त्यामुळे पश्चिम किनाऱ्यालगत पाणी तुलनेने शांत असतं. पण रॉडनी बे उत्तर टोकाशी आहे. पिजन आयलंडची टेकडी मागे पडली की सेंट लुसिया आणि मार्टिनिक यांच्यामधल्या सामुद्रधुनीतल्या लाटा लागू लागतात. म्हणून तिकीट काढताना विचारा, “आज बोट कुठल्या वाटेने जाणार?” किनाऱ्यालगत दक्षिणेकडे, कॅस्ट्रीजच्या दिशेने जाणारी फेरी वयस्कर माणसांना जास्त मानवते. थेट बाहेर खुल्या समुद्रात जाणारी फेरी तरुणांनी खुशाल घ्यावी.

मोसमही बघा. अटलांटिकमधला चक्रीवादळांचा काळ १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात आणि ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्याचा भर असतो. त्या काळात तिकीट काढलं, तर हवामानामुळे फेरी रद्द झाल्यास पैसे परत मिळतात का, हे लेखी घ्या.

अंधार झटकन पडतो

सेंट लुसिया विषुववृत्तापासून १४ अंश उत्तरेला आहे. तिथे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि संधिप्रकाश वीस-बावीस मिनिटांत आटोपतो. रत्नागिरी-मालवणच्या माणसाला याचं नवल वाटणार नाही, पण अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या लांबलचक संध्याकाळला सरावलेली मुलं गोंधळतात. डिसेंबरात सूर्यास्त पावणेसहाच्या आतबाहेर होतो, जूनअखेरीस साडेसहानंतर. बोट धक्क्याला परत किती वाजता लागणार ते विचारा आणि त्यातून सूर्यास्ताची वेळ वजा करा. राहिलेला वेळ तुम्ही अंधारात असणार आहात.

बाथरूमला जाऊन यायचं ते बोट वळण्यापूर्वी, उजेडात. सोबत छोटा टॉर्च ठेवा, पण तो पायांकडेच धरा. सुकाणूकडे प्रकाश गेला तर चालकाचे डोळे दिपतात. अंगावर घ्यायला पातळ विंडचीटर हवाच. चपला टोपलीत जाणार असतील, तर रबरी ठिपके असलेले पायमोजे घाला आणि ते चालतील का हे आधी विचारून ठेवा.

लाइफ जॅकेट हातात घेऊन बघा

‘बाकाखाली आहेत’ हे उत्तर पुरेसं नाही. कप्पा उघडून बघा. बक्कल लागतं का, पट्टे धड आहेत का, मुलांच्या मापाची आहेत का? मोठ्यांचं जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निसटतं. लहान मुलं सोबत असतील तर त्यांच्या मापाचं, पायांमधून पट्टा जाणारं जॅकेट घरूनच न्या. बॅगेत ते फारशी जागा घेत नाही. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली, तेव्हा कितीतरी प्रवाशांच्या अंगात जॅकेट नव्हतं. किनारा डोळ्यांसमोर होता, पाणी ओळखीचं होतं, तरीही जीव गेले. परक्या समुद्रावर, रात्री, मुलांना आणि पोहता न येणाऱ्यांना परतीच्या वाटेवर जॅकेट घालूनच बसवा. कोणी हसलं तर हसू द्या.

आणि कोणी पाण्यात पडलंच, तर घरातल्या एकाने बाकी काहीही न करता फक्त त्या माणसाकडे हाताचं बोट रोखून धरायचं. अंधारात नजर एकदा हटली की लाटांमध्ये डोकं पुन्हा सापडत नाही. बाकीच्यांनी ओरडून खलाशांना सांगायचं आणि तरंगणारं कडं फेकायचं.

मळमळ, खाणं आणि पिणं

बोट लागते ती कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला एक कळतं आणि डोळ्यांना दुसरंच दिसतं म्हणून. उपाय साधे आहेत. बोटीच्या मध्यावर, खालच्या बाजूला बसायचं, नजर क्षितिजावर ठेवायची आणि फोनमध्ये डोकं घालायचं नाही. निघण्यापूर्वी हलकं खायचं, पण रिकाम्या पोटी जायचं नाही. आल्याच्या वड्या जवळ ठेवा, बऱ्याच जणांना त्यांनी आराम पडतो. अव्होमिनसारखी गोळी चालते, पण ती आधी घ्यावी लागते. उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. तिने गुंगी येते, म्हाताऱ्या माणसांचा तोल जाऊ शकतो आणि दारूबरोबर ती घेऊच नये. म्हणून डॉक्टरांना विचारूनच द्या.

रम पंच हवं तेवढं मिळतं आणि फळांच्या रसामुळे त्यातली रम जिभेला कळत नाही. एक नियम करा, बोट वळेपर्यंतच काय ते प्यायचं. घरातल्या एका मोठ्या माणसाने तर अजिबात प्यायचं नाही.

शाकाहारी मंडळींना एक खास सूचना. बशीतून लालसर, गोल, कुरकुरीत भजी फिरतात. कांदाभजी समजून सासूबाईंनी हात पुढे केला होता, तेवढ्यात वास आला म्हणून मी थांबवलं. ती होती अक्रा, खारवलेल्या कॉड माशाची. ‘व्हेजिटेरियन’ एवढं सांगून भागत नाही. ‘मासे नको, अंडं नको, चिकन नको’ असं एकेक नाव घेऊन सांगा आणि घरचं काहीतरी जवळ ठेवा.

पैसे आणि विमा

दर डॉलरमध्ये सांगितला तर कुठला डॉलर हे विचारा. तिथला पूर्व कॅरिबियन डॉलर वेगळा आहे. अमेरिकी एका डॉलरला ते २.७० मिळतात. आईवडिलांसाठी अमेरिकेपुरता घेतलेला विमा तिसऱ्या देशात चालेलच असं नाही. पॉलिसीत त्या देशाचं नाव आणि बोटीवरच्या अपघाताची तरतूद शोधा, नसेल तर त्या दिवसांचा वेगळा विमा घ्या. काही झालंच तर धक्का सोडण्यापूर्वी बोटीच्या कप्तानाकडून तारीख, वेळ, बोटीचं नाव आणि काय घडलं हे लिहून, सही करून घ्या. दवाखान्याची प्रत्येक पावती जपा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपली वडील माणसं तक्रार करत नाहीत. पोरांनी एवढा खर्च केला आहे, त्यांचा आनंद कशाला मोडा, म्हणून मळमळ दाबतात, गुडघ्याची कळ सोसतात आणि ‘मी ठीक आहे’ म्हणत राहतात. त्यामुळे ‘बरं वाटतंय ना?’ असं विचारूच नका, त्याचं उत्तर ठरलेलं असतं. शेजारी जाऊन बसा, हात हातात घ्या, “चला, उजेड आहे तोवर जाऊन येऊ,” असं म्हणा. आणि धक्क्यावर उभं असतानाच कप्तानाला चार गोष्टी विचारा: वाट कुठली, परत कधी, जॅकेटं कुठे, बाथरूमला पायऱ्या किती. उत्तरं मनाजोगी मिळाली नाहीत तर तिकिटाचे पैसे सोडून द्या. रॉडनी बेचा रेड्युट बीच पश्चिमेकडेच तोंड करून आहे. तिथल्या वाळूवर खुर्ची टाकून तोच सूर्यास्त बघता येतो. ही सोय आईवडील स्वतः मागणार नाहीत. त्यांच्या वतीने ‘नाही’ म्हणायचं काम त्यांना घेऊन जाणाऱ्याचं आहे.