रेक्स बेगोनियाची निगा

आसामच्या दमट रानांतील रेक्स बेगोनिया रंगीत पानांसाठीं ओटीवर ठेवितात. तो मरतो तो बहुधा तहानेनें नव्हे, अतिपाण्यानें. त्याचें रसाळ खोड मातीलगत आडवें वाढतें. पाणी सांचलें कीं तें कुजतें. म्हणून आम्ही सुचवितों कीं, कुंडी उथळ व तळास भोंक असलेली घ्यावी, मातींत कुजलेला पालापाचोळा व वाळू मिसळावी आणि खोड पुरूं नये. वरची माती बोटास कोरडी लागल्यावरच पाणी घालावें. पानें भिजवूं नयेत. ऊन टाळावें, उजेड द्यावा. खोड कुजलें तरी निरोगी पान उरलें असल्यास झाड गेलें असें समजूं नये. पानाच्या पाठीवरील जाड शिरांस छेद देऊन ती बाजू ओल्या वाळूवर चेपून ठेवावी. कांहीं आठवड्यांत छेदांपाशीं नवीं रोपें फुटतात.