पडलेलें गांव पुन्हां उभारतांना

आपत्तीनें गांव पडलें म्हणजे तें पुन्हां उभारण्याचें काम कोणाचें? आराखडा काढणाऱ्या तज्ज्ञाचें, कीं त्यांत राहणाऱ्या शेतकऱ्याचें? याचा धडा आपल्या महाराष्ट्रांतच मिळतो.

ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) या जिल्ह्यांत हजारों माणसें दगावलीं. घरांच्या भिंती जाड दगडांच्या, पण मातींत रचलेल्या होत्या. आंतला व बाहेरचा थर एकमेकांस सांधलेला नव्हता. वर धाब्याच्या मातीचें ओझें होतें. धक्का बसतांच भिंती दुभंगल्या व निजलेलीं माणसें गाडलीं गेलीं.

पुढें दोन रीतींनीं काम झालें. सर्वाधिक हानि झालेलीं ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं. रस्ते रुंद, घरें सरळ ओळींत व मजबूत. परंतु वस्ती फार पसरली, आणि पुष्कळ घरांस गुरें, औतें व धान्य ठेवण्यास जागा उरली नाहीं. दुसरीकडे सुमारें दोन लाख घरांची दुरुस्ती मालकांनीं स्वतः केली. सरकारनें हप्त्याहप्त्यानें साहाय्य दिलें, इंजिनियरांनीं काम तपासलें, व गांवोगांवच्या स्त्रियांनीं 'संवाद सहायक' होऊन घरमालकांस माहिती पुरविली. भिंतींत आरपार लांब दगड बसविणें, धाब्याची माती हलकी करणें, इत्यादि उपाय लोकांस त्यामुळें समजले.

ओझरकरांस हें नवें नाहीं. वाघाडचा कालवा इंजिनियरांनीं आंखला. पण शेवटच्या टोंकास पाणी पोंचेना. १९९१ च्या सुमारास बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे यांच्या पुढाकारानें येथें पाणीवापर संस्था निघाल्या. पाणी मापून घेऊन वांटणी शेतकऱ्यांनीं स्वतः पाहिली, तेव्हां तें टोंकापर्यंत आलें.

यावरून पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. आराखडा मंजूर होण्यापूर्वीं गांवकऱ्यांनीं जागेवर जमून घर, गोठा व गाडीवाट चुन्याच्या फक्कीनें आंखून पाहावी. कोणता भाग बळकटीसाठीं बदलतां येणार नाहीं, हें इंजिनियरास स्पष्ट विचारावें व तेथें त्याचें ऐकावें. गांवच्या गवंड्यांस नवी रीत आधीं शिकवावी. प्रत्येक हप्त्यापूर्वीं मालक व इंजिनियर यांनीं मिळून काम पाहावें.

भिंत कां पडते हें तज्ज्ञास ठाऊक असतें. बैल कोठें बांधावयाचा हें शेतकऱ्यास. दोघे आरंभापासून एकत्र बसले, तरच घर टिकतें आणि त्यांत राहतांही येतें.