ठासणीची बंदूक आणि ओल धरलेला बार

हळव्या भाताच्या लोंब्या भरू लागल्या की कोकणात रानडुकरांचा उपद्रव वाढतो आणि पीकसंरक्षणाच्या परवान्यावरील ठासणीच्या बंदुका, म्हणजे ज्यांत दारू व छर्रे नळीच्या तोंडातून भरून गजाने ठासावे लागतात अशा बंदुका, पावसाळाभर भिंतीला टांगलेल्या राहिल्यानंतर थेट माळ्यावर, म्हणजे शेतातील राखणीच्या मचाणावर, जातात. परवान्याच्या अटी आणि वनविभागाच्या परवानगीची गरज शेतकऱ्यांना ठाऊक आहेच. या दिवसांत सर्वांत मोठा धोका उशिरा पेटणाऱ्या बाराचा असतो: केप, म्हणजे घोड्याच्या आघाताने ठिणगी देणारी छोटी टोपी, फुटते, दारू लगेच पेटत नाही, शेतकरी बंदूक खाली घेतो आणि त्याच क्षणी बार उडतो.

काळ्या दारूत साधारणपणे 75 टक्के सोरा, 15 टक्के कोळसा आणि 10 टक्के गंधक असते; ती जळल्यावर वजनाने निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे राहतो आणि त्यातील क्षार दमट हवेतील पाणी ओढून घेतात. त्यामुळे नळी गंजते, तसेच निपल, म्हणजे केप बसते ती छिद्राची बारीक तोटी, चिकट काजळीने बुजते. यावर नळीला रॉकेल पुसण्याचा घरोघरचा उपाय निरुपयोगी आहे, कारण हे क्षार पाण्यात विरघळतात, रॉकेलात नाही. रिकाम्या बंदुकीची निपल काढून नळी कढत पाण्याने धुवावी, चिंधीने पूर्ण कोरडी करावी व मगच तेलाचा पातळ हात द्यावा. भरण्यापूर्वी मात्र ते तेलही पुसून काढावे, नाहीतर दारू त्यानेच भिजते. निपल परत बसवल्यावर तिची वाट मोकळी झाली की नाही हे पाहण्यासाठी रिकाम्या नळीचे तोंड जमिनीवरील सुक्या पानाजवळ धरून नुसती केप फोडावी. पान हलले नाही, तर निपल पुन्हा साफ करावी.

बार न उडाल्यास नळी मातीच्या बांधाकडे रोखलेली ठेवून किमान दोन मिनिटे थांबावे आणि नंतरच नवी केप लावावी. नळीत डोकावणे किंवा फुंकर मारणे हा जिवाशी खेळ आहे. पुन्हा अपयश आले, तर नळीत पाणी ओतून दारू पूर्ण भिजवावी आणि बार जाणकार कारागिराकडून काढून घ्यावा. त्यावर दुसरा बार कदापि ठासू नये. 1863 साली अमेरिकेतील गेटिसबर्गच्या रणांगणावरून गोळा केलेल्या सुमारे 27 हजार बंदुकांपैकी सुमारे 24 हजार भरलेल्या निघाल्या आणि त्यांतील जवळपास निम्म्यांत दोन-दोन बार होते. कवायत पाठ असलेल्या सैनिकांची ही गत होती, तर अंधारात माळ्यावर बसलेल्या माणसाने केवळ आठवणीवर विसंबू नये. गजावर रिकाम्या आणि भरलेल्या नळीची खूण कोरून ठेवावी. भरलेल्या खुणेपेक्षा गज वर राहिला, तर छर्रे दारूपर्यंत पोचलेले नाहीत किंवा बार दुहेरी झाला आहे, आणि दोन्ही स्थितींत नळी फुटू शकते. काडतुसातील धूरविरहित दारू या नळीत चिमूटभरही घालू नये.

केप काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली असे नव्हे. रात्री न उडवलेला आतील बार पहाटे उजाडल्यावर, आसपास कोणी नाही याची खात्री करून, बांधाच्या मातीत उडवावा आणि नळी त्याच दिवशी धुवावी.